मंडळीनं फाटकाबाहेर का पडायचं?

चर्चनं गावाच्या कामात पडावं का, असं मराठवाड्यात विचारलं तर दोन उलट टोकांची माणसं एकच उत्तर देतात: नको. आतला सभासद म्हणतो, आपण बरे नि आपली रविवारची उपासना बरी, उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं? बाहेरचा म्हणतो, हे लोक मदतीला आले म्हणजे त्यामागं काहीतरी डाव असणारच. दोघांच्या बोलण्यामागं खरा इतिहास आहे. तरी दोघांचंही उत्तर मला पटत नाही. चर्चनं बोलावण्याची वाट न बघता आणि बदल्यात काहीही न मागता गावात उतरायला हवं. ते का आणि कसं, हे सरळ भाषेत मांडायचा हा प्रयत्न.

आधी आपण कुणाबद्दल बोलतोय ते बघू. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. त्यातले बरेचसे मुंबई-वसईकडचे. मराठवाड्यातली मंडळी (ख्रिस्ती लोक चर्चच्या समुदायाला मंडळीच म्हणतात) विखुरलेली आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा मराठवाडा धर्मप्रांत आहे, १९७७ साली वेगळा झालेला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत आहे, मेथडिस्ट आहेत, शिवाय अलीकडे उभ्या राहिलेल्या कितीतरी स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या. तालुक्याच्या गावी बहुधा वीस-पंचवीस घरं, चार गावं सांभाळणारा एक पाळक (म्हणजे पास्टर) आणि गळकं छप्पर. अशा मंडळीला समाजाचं काम सांगायला गेलं की पंचकमिटीतलं (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीतलं) कुणीतरी म्हणतंच, “घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.”

म्हण चपखल आहे. पण ती मान्य करायची तर शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, बरीच पानं चिकटवून टाकावी लागतील.

शास्त्रात हे कुठं आहे?

येशूनं सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, सगळ्यांना पाठ आहे. लुटून रस्त्यात टाकलेला माणूस, बाजूनं निघून गेलेले याजक आणि लेवी (दोघंही मंदिराच्या सेवेतले), आणि थांबलेला परका, शोमरोनी. त्यावर दरवर्षी प्रवचन होतं आणि दरवर्षी आपण स्वतःला शोमरोनी समजून घरी जातो. त्यामुळं मला लूकच्याच शुभवर्तमानातली सतराव्या अध्यायातली गोष्ट जास्त कामाची वाटते. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तोही परका, शोमरोनी. “नऊ जण कुठं आहेत?” असं येशूनं विचारलं. बस, एवढंच. त्या नऊ जणांचा रोग परत आला असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. बरं होण्यासाठी अनुयायी होण्याची अट आधीही नव्हती आणि नंतरही घातली नाही. सेवा सशर्त असावी की बिनशर्त, हा आजचा सगळा वाद तिथं मिटलेला आहे. आपण तो उगाच उकरत बसतो.

दुसरा उतारा प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातला. हा नीट वाचण्यासारखा आहे, कारण मंडळीचं संघटित समाजकार्य एका भांडणातून सुरू झालं हे त्यात स्पष्ट सांगितलंय. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्नवाटप होई. ग्रीक बोलणाऱ्या यहुदी कुटुंबांनी कुरकुर केली, की वाटपात आमच्या विधवा सुटतात, इब्री बोलणाऱ्यांच्या सुटत नाहीत. म्हणजे मंडळी अगदी ताजी, पुढारी प्रत्यक्ष येशूबरोबर फिरलेले, आणि तरी पंगतीत आपपरभाव! या पुढाऱ्यांनी, म्हणजे प्रेषितांनी, तक्रार दाबली नाही. प्रार्थना करा म्हणजे सुटेल, असंही सांगितलं नाही. त्यांनी सात माणसं निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प, निकलाव आणि बाकीचे चौघे. या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. त्यावरून अभ्यासक असा अंदाज बांधतात, की ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवली गेली. वगळलेल्यांच्या हातात वाढणीची पळी आली.

मराठवाड्यातल्या एखाद्या पंचकमिटीची यादी या नजरेनं बघा. तीच दोन-तीन आडनावं, पिढ्यान्‌पिढ्या. विधवा बाई यादीत सापडणं कठीण. दुसऱ्या जातीतून मंडळीत आलेली घरं मागच्या सतरंजीवर. बाप्तिस्म्यानं जात गेली असं आपण म्हणतो खरं, पण सोयरीक जुळवताना ती बरोबर दारात येऊन उभी राहते. जी मंडळी आतल्या आत वाटप नीट करू शकत नाही, ती गावात जाऊन काय उजेड पाडणार, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. माझं म्हणणं इतकंच की आधी घर साफ करू आणि मग बाहेर पडू, असं म्हणणारे कधीच बाहेर पडत नाहीत. दोन्ही कामं एकदमच करावी लागतात.

सुरुवातीच्या शतकांतली साक्षही आहे, आणि ती विरोधकाची आहे. रोमचा सम्राट ज्युलियन (कारकीर्द ३६१ ते ३६३) ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला होता. आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्यानं चिडून तक्रार केली, की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणे) स्वतःच्या गरिबांना तर सांभाळतातच, वर आमच्याही गरिबांना सांभाळतात. प्रशस्तीपत्र म्हणून हे मला कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा वजनदार वाटतं.

मिशनचा वारसा आणि मिशनची सवय

आपल्याकडची सुरुवात अशाच बाहेर पडलेल्या माणसांनी केली. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीनं त्यांनी जालन्यात काम उभं केलं आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नौरोजी या पारशी घरातून आलेल्या माणसानं केलं. वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव हे कॅथलिक धर्मगुरूंच्या कामाचं जुनं ठाणं. ज्यांना देवळाच्या पायरीवर आणि शाळेच्या ओट्यावर जागा नव्हती, अशा महार-मांग घरांतल्या पोरांच्या हातात या लोकांनी पाटी-पेन्सिल दिली. आज ख्रिस्ती घरांत परिचारिका आणि शिक्षिका जागोजागी दिसतात, त्याचं मूळ तिथं आहे.

पण या वारशासोबत एक सवयही आली. दवाखाना मिशन चालवणार, शाळा मिशन चालवणार, पैसा बाहेरून येणार आणि मंडळी रविवारी उपासनेला बसणार. परदेशी मिशनरी गेले, पैसा आटला, पण सवय तशीच राहिली. मिशनच्या कंपाउंडच्या भिंतीआड जमिनीचे वाद, ट्रस्टचे अर्ज, कोर्टाच्या तारखा. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत ज्या मंडळ्यांची फाइल जाडजूड आहे त्यांच्या कामाचा अहवाल नेमका पातळ असतो, असा माझा अनुभव आहे. वाईट वाटेल, पण लिहायला हवं.

गप्प राहण्याची आणखी एक वजनदार बाजू आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. महाराष्ट्रात अशी घरं इतर मागासवर्गात मोजली जातात. पोराच्या शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा प्रश्न असा कागदाला टांगलेला असताना लोक मंडळीचं नाव मोठ्यानं घ्यायला कचरतात. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. तो जातीचा दाखला ज्याच्या हातातून सुटला, त्यालाच विचारून बघा.

“यांचा डाव काय?”

आता बाहेरच्याचा संशय. तो उगाच आलेला नाही. १८७६-७८ आणि पुढं शतक संपतानाच्या मोठ्या दुष्काळांत भुकेली माणसं मिशनच्या दारात आली, काहींनी धर्मही घेतला. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आजही कानावर येतो. त्या माणसांना अक्षर मिळालं, माणूस म्हणून उभं राहता आलं, हे टोमणा मारणारा विसरतो. पण धान्याची वही आणि बाप्तिस्म्याची वही एकाच टेबलावर ठेवली की अर्थ काय निघणार, हे देणाऱ्यांनीही ओळखायला हवं होतं.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाचं २५वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं; दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बळजबरी, फसवणूक किंवा आमिष दाखवून होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध अनेक राज्यांत कायदे आहेत. ते कसे वापरले जातात यावर वाद आहे आणि तो व्हायलाही हवा. पण आमिष दाखवू नये ही गोष्ट मंडळीला कायद्यानं शिकवावी लागते, याचीच मला जास्त लाज वाटते. “तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या” हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात पहिल्यापासून आहे.

म्हणून मंडळीनं स्वतःवर काही बंधनं घालून घ्यावीत आणि ती उघड सांगावीत. मदतीच्या ठिकाणी पत्रकं वाटायची नाहीत. आजाऱ्याजवळ प्रार्थना करायची तर त्याला विचारून, आणि तो नको म्हणाला तरी औषध तेच आणि तितकंच. लहान पोरांच्या अभ्यासवर्गात धर्माचा विषय काढायचा नाही. मदत घेणाऱ्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवायचा नाही. देणगीदाराला पाठवायचा तर नाहीच नाही. सरपंच, मुख्याध्यापक, आशाताई, सगळ्यांना आधी सांगून, दिवसाढवळ्या, गावाच्या पारावरून काम करायचं. मग विश्वासाबद्दल बोलायचंच नाही का? बोलायचं की. पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सौम्यतेनं उत्तर द्यायला तयार राहा. पण त्यात समोरच्यानं विचारायचं आहे, हे आपण वाचताना सोयीस्कर गाळतो.

संतांच्या भूमीत हे कळायला अवघड नाही. पैठणच्या एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात ज्या ज्या कंपाउंडमध्ये विहिरीला पाणी होतं, तिथं फाटक उघडं ठेवायचं की कुलूप लावायचं, हाच काय तो धर्माचा प्रश्न होता. ख्रिस्ती कंपाउंड त्याला अपवाद नव्हतं.

संकटात सगळे धावतात, नंतर कोण?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा देशभरातून माणसं धावली. चर्चची मदतसंस्था असलेली ‘कासा’ही मदतकार्यात उतरली. भूकंपात मदतीला कुणी नाही म्हणत नाही. मराठवाड्याचं रोजचं दुखणं मात्र असं एका पहाटे येत नाही, आणि त्यासाठी ट्रक भरून येत नाहीत. तिथं लहान मंडळीला खरं काम आहे.

एका बाईचं उदाहरण घेऊ. नवऱ्यानं कर्जापायी आत्महत्या केली. दहा दिवस घर माणसांनी भरलेलं. तेराव्यानंतर ती, सासू आणि दोन पोरं. आता तिच्यापुढं काय काय आहे बघा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली तर सोपं, नंतर हेलपाटे. जमीन नवऱ्याच्या नावावर होती तर वारस नोंद: तलाठ्याकडं अर्ज, फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची सही. जमीन सासऱ्याच्याच नावावर असेल तर दीर काय म्हणतो यावर सगळं. सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जातं आणि तिथं पात्र किंवा अपात्र असा शिक्का बसतो. पात्र ठरलं तर ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. संजय गांधी निराधार योजनेत महिना दीड हजार रुपये मिळू शकतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार वेगळे, त्याचा अर्ज वेगळा. प्रत्येक कागदामागं तहसीलची एक खेप, एक बुडालेली मजुरी आणि “साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या.”

या बाईला मंडळीनं साडी-चोळी आणि धान्याचं पोतं दिलं तर वाईट नाही. पण सोबत तहसीलला गेली एखादी निवृत्त शिक्षिका, जिला कुठल्या खिडकीला कुठला फॉर्म मिळतो हे माहीत आहे आणि जिला पाहून कारकून खुर्चीतून निदान मान वर करतो, तर त्याची किंमत पोत्यात मोजता येणार नाही. मंडळीकडं पैसा नसेल, पण अशी माणसं आहेत. निवृत्त शिक्षक, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, पोस्टातून बाहेर पडलेले काका. दर आठवड्याला ठरल्या वेळी जमणारी माणसं हीही एक ताकद आहे; गावात अशी दुसरी जागा भजनी मंडळाची, आणि शुक्रवारच्या मशिदीची. तिघांनी मिळून निराधारांची यादी केली तर कुणाला कुणाचा डाव शोधत बसावं लागणार नाही.

पैशाचंही सांगून टाकतो. परदेशी निधीच्या कायद्यात २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं मिळालेला निधी दुसरीला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि सगळा निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतून येऊ लागला. बऱ्याच मंडळ्यांचे प्रकल्प बसले. मला यात थोडं भलंही दिसतं. तहसीलच्या खेपेचं एसटीचं भाडं महिला संघाच्या मूठभर धान्याच्या डब्यातून निघतं. घरटी स्वयंपाकाआधी बाजूला काढलेली मूठ, ही पद्धत मंडळ्यांत जुनी आहे. तिचा हिशेब फळ्यावर लिहिला की प्रश्न मिटला.

शेवटी ऊसतोड. बीडपासून जालन्यापर्यंत दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या तळावर पाचटाची कोप, म्हणजे झोपडी. मागं म्हातारी माणसं. पोरं एकतर हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर, नाहीतर बैलगाडीवर. नाताळ नेमका याच हंगामात येतो, आणि अर्धी वस्ती रिकामी असताना आपण चांदणी लावून केक वाटत असतो. बायकांचे हाल तर विचारूच नका. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळी आली की खाडा, खाड्याला दंड, त्यापेक्षा पिशवीच काढून टाका, असा तो हिशेब.

यात बीडच्या वीस घरांच्या मंडळीनं काय करावं? तिला एक गोष्ट अशी जमते जी सरकारला सहज जमत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर, म्हणजे जिथं टोळ्या जातात तिथं, जुन्या आणि बऱ्या स्थितीतल्या मंडळ्या आहेत. मिरजेत तर विल्यम वानलेस यांनी सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल १८९४पासूनचं. इकडच्या पाळकानं तिकडच्या पाळकाला फोन करायचा: आमच्या गावचे इतके कोयते तुमच्याजवळच्या कारखान्याला आलेत, कोपीवर एकदा जाऊन या. ते कोयते ख्रिस्ती असण्याची काही गरज नाही. एक देश एक रेशन कार्डामुळं धान्य तिकडच्या दुकानातूनही उचलता येतं, घरच्या म्हातारीचं इकडं आणि जोडप्याचं तिकडं. पण दुकानदार नाही म्हणाला तर परक्या मुलखात कोण भांडणार? तिथल्या मंडळीतला एखादा सोबत गेला की काम होतं.

त्यासाठी टोळ्या निघायच्या आधी, महालक्ष्म्या उरकल्या की, मंडळीच्या दोन बायांनी आशाताईला घेऊन वस्तीत फिरावं आणि साध्या वहीत लिहून घ्यावं: कोण कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, कुठल्या बाईला कितवा महिना, कुठल्या लेकराचा कुठला डोस राहिलाय, रेशन कार्डावर नावं कुणाची, आणि मागं राहणाऱ्या म्हातारीच्या गोळ्या कोण आणून देणार.